तिथीची यात्रा, शनिवारची सहल

ठाण्यात वाढलेल्या माणसाला कोणी ‘मूळ गाव कोणते’ असे विचारले की तो थोडा घुटमळतो, आणि त्या घुटमळण्यावर आता एक लहानसा व्यवसाय उभा राहिला आहे. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की ज्यांना स्वतःचे गाव उरलेले नाही, अशांना दीड-दोन दिवसांपुरते गाव मिळवून देणाऱ्या सहली शहरातून निघतात. आमचे घर तीन पिढ्यांपासून पाचपाखाडीत आहे. रत्नागिरीकडचे घर आजोबांनीच विकून टाकले, आणि यात्रा म्हणून आम्हाला ठाऊक आहे ती कौपीनेश्वर मंदिराच्या परिसरातून निघणारी पाडव्याची स्वागतयात्रा. त्यामुळे नौपाड्यातील एका पर्यटन संस्थेने जुन्नर तालुक्यातील एका गावच्या भैरवनाथाच्या यात्रेत ‘सहभागी होण्याची’ सहल जाहीर केली, तेव्हा मी, पत्नी आणि नुकताच दहावीच्या परीक्षेतून सुटलेला पुतण्या अशा तिघांची नावे मी लगेच नोंदवली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण अशा सहली काढणारे आता एकाहून अधिक आहेत आणि मला लिहायचे आहे ते या पद्धतीविषयी. गावाचेही नाव देत नाही. परीक्षण सहलीचे आहे, देवाचे नाही.

दर माणशी ३,८०० रुपये होता. त्यात जाण्यायेण्याचा प्रवास, गावातील घरांतून एका रात्रीचा मुक्काम, सर्व जेवणे, मांडवडहाळ्यांची मिरवणूक, बैलगाडा शर्यत, पालखीचा छबिना आणि रात्रीचा तमाशा इतके अंतर्भूत होते. शनिवारी पहाटे पाचला तीन हात नाक्यावरून निघायचे आणि रविवारी संध्याकाळी सातपर्यंत परतायचे, असा कार्यक्रम छापील कागदावर तासातासाने मांडलेला होता. आम्ही एकूण २२ जण होतो. मिनीबस स्वच्छ होती, वेळेवर आली, आणि चालकाने माळशेज घाटात एकदाही पुढच्या गाडीला अकारण मागे टाकले नाही. कल्याण आणि मुरबाड मागे टाकून टोकावड्याला मिसळ-चहा झाला आणि साडेनऊच्या सुमारास आम्ही ओतूरच्या अलीकडे आतल्या रस्त्याला वळलो. प्रवासाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

गावात शिरताच पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे आमच्यासाठी मांडलेल्या खुर्च्या. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत एका बाजूला लहान शामियाना होता, त्यात प्लॅस्टिकच्या २५ खुर्च्या, पंखा आणि थंड पाण्याचे जार होते. उन्हाचा विचार करता ही सोय चांगलीच म्हटली पाहिजे, आणि आमच्यातील दोन वयस्कर बाईंना तिचा खरोखर उपयोग झाला. मात्र मांडवडहाळ्यांची मिरवणूक समोर आली तेव्हा या खुर्च्यांचा खरा अर्थ माझ्या लक्षात आला. सजवलेल्या बैलगाड्यांतून आंबा, उंबर आणि जांभळाचे डहाळे वाजतगाजत आणून देवळापुढचा मांडव त्यांनी शाकारायचा, अशी इकडची रीत आहे. गाडीबरोबर चालणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एखादा तरी डहाळा होता. शाळकरी मुलांच्या हातात होता, सासरहून आलेल्या लेकींच्या हातात होता, फेटा बांधलेल्या एका अत्यंत थकलेल्या आजोबांच्याही हातात होता. आमच्या २२ जणांच्या हातात मात्र मोबाइल होते. आयोजकांनी ‘आता फोटो चांगले येतील’ अशी सूचनाही केली. आम्ही मिरवणुकीत चालायचे आहे, असे कोणी सांगितले नाही; चालायचे नाही, असेही कोणी सांगितले नाही. एवढ्या मोठ्या फौजफाट्याला देवळापाशी पोहोचायला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ आम्ही लग्नाच्या मांडवात उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे बसून राहिलो. जाहिरातीतल्या ‘सहभागी’ या शब्दाचा अर्थ संस्थेच्या कोशात ‘प्रेक्षक’ असा असावा, अशी शंका मला तेव्हाच आली.

मुक्कामाची व्यवस्था मात्र या सहलीतील सर्वांत जमलेली गोष्ट होती. आम्हा तिघांना गावठाणापासून थोड्या अंतरावर मळ्यातल्या एका घरी उतरवले होते. टोमॅटो आणि कांदा पिकवणारे हे शेतकरी कुटुंब. यात्रेसाठी घरात लेकी, जावई, नातवंडे मिळून वीसेक माणसे आधीच होती, आणि त्यात आमची भर पडली तरी कोणाच्या कपाळावर आठी दिसली नाही. दुपारी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य गेल्यावर पुरणपोळी, सार आणि कुरडयांचे जेवण झाले. संध्याकाळी मासवडी होती, आणि ती होताना पाहायला घरच्या आजींनी पत्नीला चुलीजवळ बसवून घेतले, तेव्हा मीही दाराशी उभा राहिलो. मोठ्या पातेल्यात फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन सोडून त्या लाकडी दांड्याने ते इतके घोटत होत्या की गोळा पातेल्याची कड सोडून दांड्याबरोबर फिरू लागला. मग पाटावर ओले फडके अंथरून, पाण्याचा हात लावत, तो गरम गोळा त्यांनी भराभर थापला. वर भाजलेले तीळ, सुके खोबरे, खसखस, लसूण आणि परतलेल्या कांद्याचे सारण पसरले, आणि हाताला चटका बसू नये म्हणून फडक्याचीच कड उचलून वडी दुमडली. बोटांनी दाबून माशासारखा आकार दिल्यावर सुरीने तिचे तुकडे पाडले. ‘थंड झालं की चिरतं, म्हणून बोलायचं नंतर, आधी थापायचं,’ असे त्या पत्नीला म्हणाल्या, कारण पत्नी मध्येच प्रमाण विचारत होती. झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी यांच्याबरोबर ती मासवडी मी जितकी खाल्ली, तितके खाणे माझ्या वयाला शोभणारे नव्हते.

जेवणावरून पैशांचा विषय निघाला, तोही नोंदवतो. यजमानांनी सहज बोलताना सांगितले की मुक्कामाचे पैसे संस्थेने दिले आहेत, पण यात्रेच्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्याच्या ताटाचे पैसे आपण घेतलेले नाहीत आणि घेणारही नाही. आमच्याकडून घेतलेल्या रकमेत जेवणे धरलेली होती, म्हणून मी आयोजकांना विचारले. त्यांनी न चिडता उत्तर दिले की ती रक्कम त्यांनी यात्रा समितीला वर्गणी म्हणून दिली आहे, आणि खिशातून पावतीही काढून दाखवली. कार्बन ठेवून लिहिलेल्या त्या निळसर पावतीवर ‘ठाणेकर पाहुणे मंडळी’ या नावाने ५,००१ रुपये लिहिलेले होते. संध्याकाळी देवळाच्या कर्ण्यावरून वर्गणीदारांची नावे वाचली गेली तेव्हा ते नावही आले. हे ऐकून मला बरे वाटले, पण बसमधल्या बाकीच्या १९ जणांना ते आपल्याबद्दल आहे, हे कळलेसुद्धा नाही. वर्गणी हा यात्रेतला पहिला सहभाग असतो, तो देणाऱ्याच्या हातून व्हायला हवा. संस्थेने तो भाग दरातून वेगळा काढून प्रत्येकाला देवळाच्या ओसरीवर बसलेल्या कार्यकर्त्याकडे पाठवले असते, तर निदान त्या निमित्ताने गावातल्या एका माणसाशी प्रत्येकाचे चार शब्द बोलणे झाले असते.

दुपारच्या बैलगाडा शर्यतीची व्यवस्था अतिशय चोख होती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात-साडेसात वर्षांत इकडच्या यात्रा कशा ओस पडल्या होत्या, हे यजमान वारंवार सांगत होते. घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या कडेला पशुवैद्यकीय पथक बैलांची तपासणी करत होते. आयोजकांनी आम्हाला घाटाच्या कडेला उभे न करता एका घराच्या गच्चीवर नेले, मुलांना कठड्यापासून दूर ठेवले आणि बारी सुटताना कोणीही खाली उतरायचे नाही, असे बजावले. हे अगदी योग्य होते. पुढे घोडीस्वार, मागे चार बैल आणि गाडा, आणि अकरा-बारा सेकंदांत सगळे संपलेले; धुरळा खाली बसेपर्यंत ध्वनिक्षेपकावर समालोचकाने सेकंदही सांगितलेले असत. येथे मी प्रेक्षक असण्याबद्दल तक्रार करणार नाही. सुटलेल्या बैलांपुढे शहरी माणसाने गच्चीवरच असावे.

छबिना रात्री नऊला निघाला, शोभेचे दारूकाम झाले, आणि मग गावाबाहेरच्या मैदानात तमाशा उभा राहिला. गावाने सुपारी पाडव्याला नारायणगावात जाऊन दिली होती. नारायणगावात त्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन यात्रेच्या तारखा ठरवतात. दसऱ्याला सुरू झालेला फडांचा हंगाम बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो, आणि चैत्र हा त्यातला ऐन भराचा काळ. आमच्यासाठी पुढच्या रांगा राखून ठेवल्या होत्या. गण झाला, गवळण झाली, मावशीच्या बतावणीला सगळे मैदान हसले, मग रंगबाजीत चित्रपटगीतांवरची नृत्ये सुरू झाली आणि साडेबाराच्या सुमारास आमच्यातील बहुतेक जण ‘हे तर टीव्हीवरही असते’ असे म्हणत उठले. त्यांची चूक नव्हती. तमाशाचा वग मध्यरात्र उलटल्यावर रंगतो आणि जाणते लोक त्याचीच वाट पाहत बसलेले असतात, हे आयोजकांनी एका वाक्यात सांगितले असते तर निम्मे लोक तरी थांबले असते. तासातासाच्या त्या छापील कागदावर ‘रात्री १० ते १२ : तमाशा’ एवढेच लिहिले होते.

याच ठिकाणी एका गंभीर त्रुटीचीही नोंद करतो. मैदानापासून आमच्या मुक्कामाचे घर उसाच्या फडांमधून जाणाऱ्या वाटेने दहा-बारा मिनिटांवर होते. जुन्नर तालुक्यात बिबट्यांचा वावर नवा नाही. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे ते काही उगाच नव्हे. आम्ही तिघे मोबाइलच्या उजेडात निघालो असताना यजमानांचा मुलगा मागून धावत आला, मोठी बॅटरी पेटवली, पुतण्याला दोघांच्या मध्ये चालायला लावले आणि मोठ्याने बोलत राहायला सांगितले. ‘काका, इथं गप चालायचं नसतं,’ असे तो म्हणाला. ही सूचना गावच्या पोराने आपणहून द्यावी लागते, ३,८०० रुपये घेणाऱ्याकडून ती येत नाही, हे मला मुळीच पटलेले नाही.

खरा घोळ रविवारी सकाळी झाला. आठ वाजता न्याहारी आटोपून सर्वांनी बसमध्ये बसायचे, लेण्याद्री आणि ओझर ही दोन अष्टविनायकांची दर्शने करायची, शिवनेरी खालून पाहायचा आणि जेवून ठाण्याकडे निघायचे, असा दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम होता. लेण्याद्री-ओझरबद्दल मनात पूर्ण आदर ठेवून मला म्हणायचे आहे की ती देवळे वर्षाचे ३६५ दिवस तेथेच असतात. यात्रेचा दुसरा दिवस मात्र त्या दिवसानंतर वर्षभर नसतो. सकाळी तमाशाची हजेरी, दुपारी गावजेवण आणि संध्याकाळी कुस्त्यांचा हगामा, म्हणजे गाव ज्याला यात्रेचा गाभा मानते तो सगळा भाग आमच्या सहलीतून वगळलेला होता. मी आयोजकांना तसे म्हटले. त्यांनी नम्रपणे सांगितले की पुष्कळांना ‘नुसती यात्रा’ दोन दिवस पुरत नाही, दर्शने जोडली की नोंदणी वाढते. व्यवसाय म्हणून त्यांचे बरोबर असेलही. पत्नीला दर्शनाला जायचे होते, ती बसने गेली. मी आणि पुतण्या मागे राहिलो. आमच्या जबाबदारीवर राहत असल्याचे आयोजकांनी एका कागदावर लिहून घेतले, तेही रीतसरच.

हजेरी देवळाजवळच्या पारावर झाली. रात्रीचे दिवे नाहीत, पडदे नाहीत. ढोलकी, तुणतुणे आणि हलगी एवढ्यावर त्याच कलावंत बाई दिवसाच्या लख्ख उजेडात, देवाकडे तोंड करून लावणी म्हणत होत्या. रात्री ज्यांच्या नृत्यावर शिट्ट्या पडल्या, त्यांच्यापुढे आता गावातली म्हातारी माणसे मांडी घालून बसली होती आणि एखादी ओळ आवडली की पुन्हा म्हणायला लावत होती. एका बाईंच्या पायातल्या चाळांचा पट्टा सैल झाला, तेव्हा त्या म्हणता म्हणताच खाली बसल्या, पट्टा आवळला आणि ठेका न चुकवता उठल्या. रात्री राखीव रांगेत बसून मला ही गोष्ट दिसली नसती.

दुपारच्या पंगतीत पुतण्या माझ्या शेजारी बसला होता. वाढायला माणसे कमी पडत होती, म्हणून एका कार्यकर्त्याने ‘पाव्हणं, उठा जरा’ म्हणून त्याच्या हातात आमटीची बादली दिली. घरी स्वतःचे ताटही न उचलणाऱ्या या मुलाने सलग तीन पंगतींना आमटी वाढली, दोनदा ती कोणाच्या तरी पायजम्यावर सांडली, एकदा बोलणी खाल्ली, आणि संध्याकाळपर्यंत गावातली पंधरा-वीस पोरे त्याला ‘ठाण्या’ म्हणून हाक मारू लागली. हगाम्यात तो त्यांच्याबरोबर आखाड्याच्या कडेला मातीत बसला. पूर्वी लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागत, आता हातात नोटा ठेवतात. पण दोन्ही पहिलवानांचे हात धरून पंच त्यांना आखाडाभर फिरवतात, हलगी कडाडते आणि जोड बरोबरीचा नसेल तर कडेचे लोकच ओरडून कुस्ती मोडायला लावतात, हे सगळे जुने आहे असे यजमान म्हणाले. शेवटची कुस्ती निकाली झाली तेव्हा दिवस मावळत आला होता.

आता मूळ मुद्दा. आयोजक मंडळी आळशी नाहीत, लबाडही नाहीत, आणि त्यांच्या प्रवासाच्या, मुक्कामाच्या व सुरक्षिततेच्या व्यवस्थेला, तो बिबट्याचा प्रसंग सोडला तर, मी चांगले गुण देईन. अडचण तिथीची आहे. यात्रा तिथीने येते, सहल शनिवारी निघते. यंदा या गावची तिथी शनिवारी पडली म्हणून संस्थेने हे गाव निवडले. गेल्या वर्षी शनिवार गाठणारे दुसरे गाव होते, पुढच्या वर्षी तिसरे असेल. त्यामुळे संस्थेची कोणत्याच गावाशी दुसऱ्या वर्षाची ओळख होत नाही, आणि दुसऱ्या वर्षाची ओळख नसलेल्या पाहुण्याला गाव खुर्ची देते, काम देत नाही. जुन्नरला राज्य सरकारने २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून घोषित केले आहे. तेथे येणारे लोक वाढणार हे उघड आहे. अशा वेळी संस्थेने एकच गाव धरावे, तिथी मंगळवारी आली तर मंगळवारी निघावे, वीस जणांऐवजी दहा मिळाले तरी चालवून घ्यावे, दर्शने वगळून दोन्ही दिवस यात्रेला द्यावेत आणि पाहुण्यांना आधीच विचारावे की कोण वाढप करील, कोण डहाळे आणील, कोण मांडवाला हात लावील. ज्यांना घरचे खाणे, थोडे फोटो आणि अष्टविनायकांपैकी दोन दर्शने एवढेच हवे आहे, त्यांनी आहे त्या स्वरूपात ही सहल अवश्य घ्यावी. ३,८०० रुपयांत ते निराश होणार नाहीत. ज्यांना गाव हवे आहे, त्यांनी दुसऱ्या दिवसाबद्दल आधी स्पष्ट विचारून घ्यावे.

आम्ही दोघे परतलो ते गावच्या मुंबईकर मंडळाच्या बसने. वाशीच्या भाजीबाजारात काम करणारे, कोपरखैरणे-घणसोलीत राहणारे या गावचे लोक दरवर्षी रजा टाकून या बसने येतात आणि हगामा संपला की रात्री निघतात, कारण पहाटे बाजार गाठायचा असतो. बस जुनी होती, खिडकीची एक काच पुठ्ठ्याने झाकलेली होती, आणि माझ्या पायाशी कोणाच्या तरी कांद्याचे पोते होते. माळशेज उतरेपर्यंत अर्धी बस झोपली, उरलेल्या अर्धीत वगाच्या शेवटावरून वाद चालू होता, आणि त्यात पुतण्यालाही मत विचारले गेले, जे त्याने वग न पाहताच दिले. कल्याणला पहिल्या लोकलसाठी उतरताना मी भाड्याचे विचारले, तेव्हा मंडळाच्या खजिनदारांनी पैसे घेतले नाहीत. वही उघडून त्यांनी आमची दोन नावे लिहून घेतली, वर्गणी पुढच्या वर्षी द्या म्हणाले, आणि बस सुटता सुटता खिडकीतून सांगितले की पुढच्या वर्षी तिथी बुधवारी येते, रजेचा अर्ज आधीच टाकून ठेवा.